वाचक विचारतात : पेन्सिल खाणारी मुलगी

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी पाटीवरची पेन्सिल कुरतडून खाते, भिंतीचे पोपडेही खाते. जेवण मात्र नको म्हणते. शेजारणी सांगतात, कॅल्शियम कमी पडलंय, म्हणून शरीर मागून घेतंय. गोळ्या सुरू करू का?

उत्तर : अशा ओढीमागे बऱ्याचदा कॅल्शियम नव्हे, लोह कमी असतं. म्हणून आधी रक्त तपासा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही. या वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपत आलेला. तापात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा ताप उतरल्यावर तपासा. पोपडे जुन्या तैलरंगाचे असतील तर शिशाचीही तपासणी करा.

‘शरीर मागून घेतं’ हे मिठाबाबत खरं आहे. १९३६ मध्ये संशोधक कर्ट रिश्टर यांनी उंदरांच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथी काढल्या. लघवीवाटे मिठातलं सोडियम वाहून जाऊ लागलं, तसे उंदीर आपणहून मिठाचं पाणी भरपूर पिऊ लागले आणि जगले. एकूण भुकेचीही खबर मेंदूला असते : चरबीतून लेप्टिन, रिकाम्या पोटातून घ्रेलिन ही संप्रेरकं मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत पोचतात. लोहासाठी मात्र अशी सरळ वाट सापडलेली नाही. लोह कमी असलेली कितीतरी माणसं बर्फ चघळतात. बर्फात कुठलं आलंय लोह? पेन्सिलीचंही तेच. ओढ खरी असते, पण ती दाखवते ती वस्तू औषध नसते. काही प्रकारची माती तर आतड्यात लोह धरून ठेवते, म्हणजे आणखी तोटा.

लोह कमी निघालं तर डॉक्टर सहसा दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम देतात. बाटलीवरचा ‘एलिमेंटल’, म्हणजे प्रत्यक्ष लोहाचा आकडा धरा, ते ज्या क्षारात असतं त्या अख्ख्या क्षाराचा नव्हे. इथेच घोटाळा होतो. औषध लिंबूपाण्याबरोबर द्या, दूध-चहा दोन तास लांब. कॅल्शियम सोबत दिलंत तर लोह कमी शोषलं जाईल, म्हणून गोळ्यांची घाई नको. शी काळी होईल, घाबरू नका. शाळेत जंताची गोळी मिळाली होती का, तेही विचारा.

पेन्सिलीची ओढ बऱ्याचदा हिमोग्लोबिन वाढण्याआधीच जाते आणि घरची माणसं औषध थांबवतात. साठा भरायला हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.

प्रश्न : चॉकलेट खावंसं वाटतं म्हणजे मॅग्नेशियम कमी, हे खरं का?

उत्तर : नाही. तसं असतं तर मॅग्नेशियमने भरलेल्या भोपळ्याच्या बियांवरही तितकाच जीव गेला असता.