'लिंक्ड डेटा'ला मराठीत काय म्हणावं?

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालताई विचारतात: प्रशिक्षणात 'लिंक्ड डेटा' हा शब्द ऐकला, आता कार्यकारिणीपुढे मराठीत टिपण ठेवायचं आहे. 'संलग्न विदा' लिहू की 'जोडलेली माहिती'?

ताई, 'संलग्न' नको. महाविद्यालय विद्यापीठाला संलग्न असतं. एक मोठं आणि दुसरं त्याच्या छत्राखाली, हा अर्थ त्या शब्दाला चिकटलेला आहे. लिंक्ड डेटा म्हणजे वेबवरच्या नोंदी दुव्यांनी एकमेकींशी जोडण्याची पद्धत. इथे तुमच्या ग्रंथालयाची नोंद आणि एखाद्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नोंद बरोबरीने एकमेकींकडे बोट दाखवतात. 'जोडलेली माहिती' कानाला सोपी, पण ऐकणाऱ्याला वाटेल की दोन याद्या एकत्र करायच्या आहेत. तसं तर नाहीच.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 2006 मध्ये या पद्धतीचे चार नियम मांडले. त्यांचं सार असं, की प्रत्येक गोष्टीला वेबवर स्वतःचा पत्ता असावा, त्या पत्त्यावर उपयोगी माहिती मिळावी आणि तिथून इतर पत्त्यांकडे दुवे जावेत. गोष्ट म्हणजे फक्त पुस्तक नव्हे. लेखक, गाव, किल्ला, सगळंच. तुमच्याच तालुक्यातले चिं. त्र्यं. खानोलकर घ्या. कादंबऱ्या आणि नाटकं या नावाने, कविता आरती प्रभू या नावाने. कार्डांच्या कपाटात हा एकच माणूस 'ख'च्या आणि 'आ'च्या खणात विभागलेला. 'हेही पाहा' असं कार्ड कुणी घातलं असेल तरच गाठ पडते. रोमन लिपीतल्या सूचीत स्पेलिंगांचे फाटे आणखी निराळे. नव्या पद्धतीत माणसाला एक पत्ता आणि सगळी नावं त्या पत्त्याशी बांधलेली.

हे बांधलेपण शब्दात यावं, म्हणून मी 'दुवाबद्ध' सुचवेन. 'करारबद्ध' आपण बिनदिक्कत वापरतो, त्यामुळे दुव्याला संस्कृत 'बद्ध' कसा लावायचा ही शंका उरू नये. 'विदा' हा डेटासाठीचा शब्द कार्यकारिणीला अनोळखी वाटेल. ग्रंथालयापुरतं 'दुवाबद्ध नोंदी' म्हणा. तोच शब्द मला जास्त आवडतो.

खरा कस मात्र पुढे, नात्यांना नावं देताना लागतो. दोन पत्त्यांमधल्या दुव्यालाही नाव असतं: खानोलकर, जन्मस्थान, बागलांची राई. इथवर सोपं. पण कोकणात 'गाव कुठलं?' याचं उत्तर जन्मस्थान नसतं. मुंबईत जन्मलेला-वाढलेलाही देवगड सांगतो. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, मूळ गाव चिखलगाव. संगणकीय ग्रंथसूचीच्या जुन्या 'मार्क' पद्धतीच्या व्यक्तिनोंदीत, 370 क्रमांकाच्या क्षेत्रात, जन्म, मृत्यू आणि निवास यांच्या ठिकाणांना वेगवेगळी जागा आहे. मूळ गाव मात्र 'इतर संबंधित ठिकाणा'त ढकलावं लागतं. विकिडेटात, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसंचात, पूर्वजांच्या ठिकाणासाठी स्वतंत्र गुणधर्म (नात्याचं नाव) आहे, तो वापरा. नाहीतर आपल्याकडच्या माणसाची निम्मी ओळखच नोंदीतून गळेल.

टिपणात अडचणीही स्पष्ट लिहा. जुन्या नोंदी म्हणजे नुसती अक्षरं. त्यातलं 'देवगड' सिंधुदुर्गातलं की नेवाशाजवळचं, हे जाणत्या माणसालाच ठरवावं लागतं. 1756 च्या इंग्रजी कागदांतला 'घेरिया' आणि मराठी पत्रातला विजयदुर्ग एकच, हेही कुणीतरी सांगावं लागतं. या कामाला वेळ जातो. शिवाय स्वतःचे पत्ते निर्माण केले तर संकेतस्थळाचं शुल्क दरवर्षी भरत राहावं लागेल. एक वर्ष चुकलं की तुमच्याकडे येणारे सगळे दुवे तुटले. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2018 मध्ये आपली सूची या पद्धतीवर नेली, पण 'क' किंवा 'ड' वर्गाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने तो मार्ग धरू नये. आहे त्या सॉफ्टवेअरमध्ये तालुक्यातल्या लेखकांच्या नावांपुढे त्यांचे विकिडेटा क्रमांक भरायला घ्या; ज्यांना क्रमांक नाही त्यांची तिथे नोंद करा, मराठी नावासकट.

आणि टिपणात पहिल्यांदा 'दुवाबद्ध नोंदी, म्हणजेच लिंक्ड डेटा' असं लिहा. सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलताना 'लिंक्ड डेटा' हाच शब्द लागेल.