फर्ग्युसन असता तर मला खेळवलं असतं ना?

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

प्रश्न : दादा, मी कोल्हापूरचा, वय १७, पेठेच्या टीमला स्ट्रायकर खेळतो. सीझनभर आमच्या टीमचे सगळ्यात जास्त गोल माझे, तरी फायनलला मला बाहेर ठेवलं आणि ते पण शाहू स्टेडियमवर किट घालून बसल्यावर कळलं. आमचे कोच आधी डिफेंडर होते, मित्र म्हणतात त्यांना फॉरवर्डचं काय कळणार. अॅलेक्स फर्ग्युसन स्वतः फॉरवर्ड होता असं ऐकलं, खरं का? तसा कोच असता तर मला खेळवलं असतं ना?

उत्तर : फॉरवर्ड होता हे खरं, पण खेळवलं असतं का म्हणशील तर मला नाही वाटत, आणि का ते सांगतो कारण तुझ्यासोबत जे झालं ते त्याच्यासोबत अगदी असंच झालेलं आहे.

मँचेस्टर युनायटेडचा कोट घातलेला, च्युइंगम चघळणारा म्हातारा हाच फर्ग्युसन आपल्या डोक्यात असतो. पण हा माणूस १९५७ ते १९७४ स्कॉटलंडमध्ये खेळलाय, तीनशेच्या वर लीग मॅचेस आणि १७०च्या आसपास गोल, म्हणजे टाईमपास प्लेयर नव्हता. जन्म १९४१ चा, ग्लासगोच्या गोव्हन भागातला, वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात. स्वतः टूलमेकरचं काम शिकला, कारखान्यात कामगारांचा प्रतिनिधी होता, संपात पुढे होता, आणि संध्याकाळी फुटबॉल. क्वीन्स पार्क हा हौशी खेळाडूंचा क्लब, तिथे १६ व्या वर्षी पहिली मॅच खेळला आणि गोलही मारला. मग सेंट जॉन्स्टन, तिथे पण नोकरी सांभाळूनच.

सेंट जॉन्स्टनचा किस्सा ऐक, भारी आहे. १९६३ चा डिसेंबर. टीममध्ये जागा मिळत नाहीये, रिझर्व्हमध्ये सडतोय, कॅनडाला निघून जायचा विचार चाललाय. शेवटी वैतागून भावाच्या मैत्रिणीला आई बनून मॅनेजरला फोन करायला लावला की अॅलेक्सला ताप आलाय, तो येणार नाही. मॅनेजरला लगेच समजलं हे नाटक आहे, पण टीममधले बाकीचे खरंच आजारी होते त्यामुळे याला बोलावण्याशिवाय इलाज नव्हता. उलट निरोप गेला, आणि दुसऱ्या दिवशी हा ग्लासगोच्या रेंजर्सच्या घरी, त्यांच्या आयब्रॉक्स मैदानावर उतरला आणि हॅटट्रिक! सेंट जॉन्स्टन ३-२ जिंकले. (हे वाचून कोचला खोटे फोन करू नकोस बाबा.)

१९६४ ला तो डनफर्मलिनला गेला आणि तेव्हा कुठे पूर्णवेळ फुटबॉलर झाला. आता तुझ्या मुद्द्यावर येतो. १९६५ ची स्कॉटिश कप फायनल, समोर ग्लासगोचाच दुसरा मोठा क्लब सेल्टिक. फर्ग्युसन टीमचा मेन गोल मारणारा. ड्रेसिंग रूममध्ये मॅनेजर विली कनिंगहॅम यांनी मॅचच्या जेमतेम आधी नावं वाचली आणि त्यात याचं नाव नाही! तेव्हा सबस्टिट्यूटचा नियम पण नव्हता स्कॉटलंडमध्ये, म्हणजे बाहेर म्हणजे बाहेरच, शेवटच्या दहा मिनिटांची सुद्धा आशा नाही. हा तिथेच सगळ्यांसमोर मॅनेजरवर भडकला. टीम ३-२ हरली. पण पुढचा सीझन बघ, १९६५-६६ मध्ये त्याच मॅनेजरच्या हाताखाली ५१ मॅचेसमध्ये ४५ गोल, त्यातले ३१ लीगमध्ये, सेल्टिकच्या जो मॅकब्राइडसोबत लीगमध्ये टॉप स्कोअरर. एवढा राग पोटात असताना क्लब सोडून पळाला नाही हे मला त्या ४५ गोलांपेक्षा मोठं वाटतं.

नंतर १९६७ ला ६५ हजार पौंडात रेंजर्स, स्कॉटिश क्लबांमधला तेव्हाचा रेकॉर्ड व्यवहार. लहानपणापासूनचा हाच क्लब, पण शेवट वाईट झाला. १९६९ ची कप फायनल, परत सेल्टिक. कॉर्नरला सेल्टिकच्या बिली मॅकनीलला धरायचं काम फर्ग्युसनकडे होतं, मॅकनीलने दुसऱ्याच मिनिटाला हेडर मारला, रेंजर्स ४-० ने धुतले गेले आणि खापर याच्यावर. त्यानंतर क्लबने त्याला ज्युनियर टीमसोबत खेळायला लावलं. मग फॉलकर्क, तिथे खेळता खेळता कोचिंगची जबाबदारी मिळाली, नवा मॅनेजर आल्यावर तीही काढून घेतली. शेवटी एअर युनायटेड आणि १९७४ ला रिटायर. स्कॉटलंडची कॅप, म्हणजे देशाकडून अधिकृत मॅच खेळल्याचा मान, पण खेळत असताना मिळाली नाहीच, १९६७ च्या परदेश दौऱ्यातल्या मॅचेस २०२१ मध्ये अधिकृत धरल्या गेल्या तेव्हा मिळाली, म्हातारपणी.

आता तू म्हणशील एवढं सोसलेला माणूस कोच झाल्यावर फॉरवर्ड लोकांना सांभाळून घेत असेल. तर तसं अजिबात नाही. १९९० ची एफए कप फायनल घे, तेव्हा युनायटेडमध्ये येऊन त्याला साडेतीन वर्षं झालेली, एकही ट्रॉफी नाही, लोक म्हणत होते हा आता जाणार. क्रिस्टल पॅलेसशी पहिली मॅच ३-३ सुटली, रिप्ले म्हणजे फायनल परत खेळायची वेळ आली आणि त्या रिप्लेला त्याने गोलकीपर जिम लेटनला बसवलं. लेटन म्हणजे कोण, तर फर्ग्युसन स्कॉटलंडच्या अॅबर्डीन क्लबचा मॅनेजर होता तेव्हापासूनचा त्याचा माणूस, १९८३ ला रियाल माद्रिदला २-१ ने हरवून कप विनर्स कप जिंकला त्या टीमचा गोलकीपर. त्याच्या जागी लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून तात्पुरता आणलेला लेस सीली खेळला, युनायटेड १-० ने जिंकले, फर्ग्युसनची नोकरी वाचली, पण लेटनशी संबंध कायमचे तुटले. २००६ ला लीग कप फायनलमध्ये रूड व्हॅन निस्टलरॉय अख्खी मॅच बेंचवर, दीडशे गोल मारलेला माणूस, त्या उन्हाळ्यात तो रियाल माद्रिदला गेला. २०१३ ला रियाल माद्रिदविरुद्ध रूनीला सुरुवातीला बसवलं, तेव्हा तर पेपरवाल्यांनी केवढा गोंधळ घातला होता.

म्हणजे १९६५ च्या त्या ड्रेसिंग रूममधून तो ‘कोणाला बसवायचं नाही’ हे शिकला नाही. जो खेळणार नाही त्याला आधी, स्वतः, एकट्याला बोलावून सांगायचं हे शिकला आणि त्याने ते नंतर स्वतःच लिहून ठेवलंय. माझं मत विचारशील तर तुझ्या कोचचं चुकलं असेल तर ते इथे, बसवलं यात नाही. फायनलला समोरची टीम बघून फॉरवर्ड बदलणं हा कोचचा हक्कच आहे आणि डिफेंडर असलेल्या माणसाला तर फॉरवर्डचं जास्त कळतं, त्याने आयुष्यभर त्यांनाच अडवलंय. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिसला जा, सगळे गेले की शांतपणे विचार, ‘सर, मी कुठे कमी पडलो?’ भांडायचं नाही. फर्ग्युसन भांडला होता पण त्याने नंतर ४५ मारले, तेवढी तयारी असेल तर भांड!

प्रश्न : मोठे फॉरवर्ड कोच म्हणून फेल जातात असं का? थिएरी ऑन्रीचं मोनॅकोमध्ये काय झालं ते पाहिलं. (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : सगळे नाही हो. ऑन्री मोनॅकोला ऑक्टोबर २०१८ ला आला आणि जानेवारीत घरी, हे खरं, पण त्यानेच २०२४ ला फ्रान्सला ऑलिंपिक सिल्व्हर मिळवून दिलं. क्रायफ फॉरवर्डच होता आणि बार्सिलोनाला १९९२ चा युरोपियन कप त्यानेच दिला. युप हाइन्केस तर बुंडेसलीगात २२० गोल मारलेला माणूस, कोच म्हणून १९९८ ला रियाल माद्रिदसोबत आणि २०१३ ला बायर्नसोबत चॅम्पियन्स लीग.

पण तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ज्याला गोल मारणं आपोआप जमलं त्याला ते दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, आणि समोरच्याला का जमत नाही याची चीड येते. उलट जो फॉरवर्ड बेंचवर बसला त्याला मॅच बघायची सवय लागते. सोल्शायर बघा, १९९६ ला नॉर्वेतल्या मोल्डेमधून आला, युनायटेडसाठी १२६ गोल केले आणि त्यातले बरेच सब म्हणून उतरून. बेंचवर बसून समोरचे डिफेंडर कुठे चुकतात तेच बघत बसायचा. फेब्रुवारी १९९९ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध ७२ व्या मिनिटाला उतरून चार गोल, आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग फायनलला कॅम्प नाऊवर बायर्नविरुद्ध तो इंज्युरी टाईममधला गोल, त्याच्या आधीचा बरोबरीचा शेरिंगहॅमचा, तोही सबच. पुढे कोच म्हणून मोल्डेला २०११ आणि २०१२ ला लीग जिंकून दिली. युनायटेडमध्ये मात्र २०१८ ते २०२१ एकही ट्रॉफी नाही. आता यावरून बेंचवर बसलेला प्रत्येकजण कोच होतो असा नियम काढू नका, कार्डिफला हाच सोल्शायर २०१४ ला रेलिगेट होण्यापासून, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून वाचवू शकला नव्हता.

प्रश्न : आपल्याकडे असा कोणी? (नाशिक)

उत्तर : पी. के. बॅनर्जी, दुसरं नाव शोधायची गरजच नाही. १९३६ चा जन्म, जलपाईगुडीचे, फॉरवर्ड, राइट विंगवर खेळायचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकला कॅप्टन, फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली त्यातला आपला गोल त्यांचा, १९६२ च्या एशियन गेम्सचं गोल्ड. आणि गंमत म्हणजे मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल नाही, क्लब करिअर ईस्टर्न रेल्वेत, पण कोच झाल्यावर दोन्हीकडे राज्य केलं. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलमध्ये त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० हरवलं आणि दोन वर्षांनी त्याच मोहन बागानचे कोच म्हणून ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबशी २-२! मॅचआधी खेळाडूंना असं काही बोलायचे की त्या भाषणांना ‘व्होकल टॉनिक’ नावच पडलं. २०२० च्या मार्चमध्ये गेले. मराठीत त्यांच्यावर फार कमी लिहिलं गेलंय याचं वाईट वाटतं.

प्रश्न : वय ३१, गुडघ्यामुळे खेळणं बंद झालं, नोकरी चालू आहे. कोचिंगकडे वळायचं तर सुरुवात कुठून करू? (नागपूर)

उत्तर : डी लायसन्सपासून. हे आपल्या ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं, महाराष्ट्रात कोर्सची चौकशी राज्य संघटनेकडे म्हणजे विफाकडे करा. त्याच्या पुढे एएफसीचे म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो असे टप्पे, एकेक चढत जायचं. मध्ये मध्ये टीमला शिकवल्याचा अनुभव लागतो म्हणून आत्ताच जवळच्या शाळेत किंवा क्लबात लहान मुलांना शिकवायला लागा, पैसे मिळोत न मिळोत. नोकरी सोडू नका. फर्ग्युसन १९७४ ला ईस्ट स्टर्लिंगशायरला पहिल्यांदा मॅनेजर झाला तेव्हा पार्टटाईम होता, आठवड्याला ४० पौंड आणि टीममध्ये गोलकीपरच नाही. त्या काळात तो गोव्हनमध्ये पबही चालवायचा. शिवाय कोचिंगचे कोर्स त्याने खेळत असतानाच करून ठेवले होते, स्कॉटलंडमधल्या लार्ग्सला जाऊन, तुमचा तेवढा वेळ गेलाय तर आता पुढच्या बॅचची वाट न बघता फॉर्म भरा, जागा लवकर भरतात.