अण्णांची गाणी, तुमचे प्रश्न

प्रश्न : जुन्या तबकड्यांवर गायक म्हणून 'चितळकर' हे नाव दिसतं. हे सी. रामचंद्रांचे भाऊ का?

भाऊ कसले, ते स्वतःच, म्हणजे आपले संगीतकार अण्णा! रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांबे. चाल बांधली की सी. रामचंद्र, गळा लावला की चितळकर. 'आझाद'मधलं 'कितना हसीं है मौसम' काढून ऐका. लताबाईंसोबतचा आवाज पुष्कळांना गायक तलत महमूदचा वाटतो. आहेत अण्णाच.

प्रश्न : 'गोरे गोरे, ओ बांके छोरे'ची चाल परदेशी आहे म्हणून मुलगा मला चिडवतो. खरं आहे का?

मुलाचा कान चांगला आहे, त्याला रागावू नका. 'समाधी'तलं (१९५०) हे गाणं 'चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको'वर बेतलेलं आहे. पण एवढ्यावरून अण्णांना उचलेगिरीच्या खात्यात टाकणं मला पटत नाही. त्यांचं शिक्षण पुण्याच्या गंधर्व महाविद्यालयात, विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली झालेलं. पुढे मुंबईत त्यांना गोव्याचे वादक भेटले. शिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हा ट्रम्पेटवाला त्यांतला खास.

आता मुलाला 'अलबेला'तलं (१९५१) 'शोला जो भडके' ऐकवा. आधी वाद्यांसकट, बोंगोसकट. मग सगळं बंद करून नुसत्या चुटकीवर स्वतः गुणगुणा. चाल उभी राहते की नाही? आपल्याला गाता येईल इतकी सोपी, आणि दुसऱ्या कुणाला सुचणार नाही इतकी नेमकी. त्याच चित्रपटात 'धीरे से आजा री अँखियन में' ही पिलू रागातली अंगाई आहे. एकाच माणसाने एकाच चित्रपटात धिंगाणाही घातला आणि मूलही निजवलं!

प्रश्न : पेटी शिकते आहे. अण्णांचं कोणतं गाणं आधी बसवू?

'अनारकली'तलं (१९५३) 'ये जिंदगी उसी की है'. राग भीमपलास आहे. आरोहात, म्हणजे सूर चढवताना, रिषभ-धैवत वर्ज्य (घ्यायचे नाहीत), गंधार-निषाद कोमल. आधी पेटी बाजूला ठेवून मुखडा तोंडाने म्हणा, मग बोटं ठेवा. उलट केलंत तर सूर सापडतील, गाणं सापडणार नाही. चित्रपटाच्या शेवटी हेच गाणं 'अलविदा' होऊन परत येतं. ते मात्र घाईने बसवू नका, हात तयार झाल्यावर.

प्रश्न : 'ऐ मेरे वतन के लोगों' कोणत्या चित्रपटातलं?

कोणत्याच नाही. प्रदीपजींचं काव्य, अण्णांची चाल. २७ जानेवारी १९६३ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाईंनी ते पंडित नेहरूंसमोर गायलं.

प्रश्न : मराठी माणूस असून अण्णांनी मराठीत काहीच का केलं नाही?

केलं हो! हिंदीच्या मानाने थोडं, एवढंच. 'घरकुल' (१९७०) विसरलात? 'पप्पा सांगा कुणाचे' लहानपणी ज्याने म्हटलं नाही असं मराठी घर दाखवा. आणि त्याच चित्रपटात सुरेश भटांचं 'मलमली तारुण्य माझे', आशाबाईंच्या आवाजात. शिवाय गदिमांबरोबरची 'गीतगोपाल' ही गीतमालिका आहेच. ती मिळाली, तर रात्री जेवणं आटोपल्यावर, घरातला टीव्ही बंद करून ऐका.