काळ्या मातीत घर बांधताय? आधी खड्डा घ्या

प्लॉट झाला, अभिनंदन! आता नकाशाची घाई करू नका. आधी दोन-तीन ठिकाणी मुरूम, म्हणजे मातीखालचा घट्ट खडकाळ थर, लागेपर्यंत खड्डे घ्या. कुठे तो चार फुटांवर लागतो, कुठे दहावरही नाही. पायाचा खर्च तिथेच ठरतो.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेत हात घालून बघा, मनगट सहज आत जातं. माझ्या पहिल्या कंपाउंडचा पाया उथळ घेतला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला तिरकी चीर गेली, आणि ती लिंपून काही थांबली नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शेजाऱ्याला मुरूम वर लागला, म्हणजे आपल्यालाही लागेल असं धरणं.
- खणलेली काळी मातीच जोत्यात, म्हणजे घराच्या चौथऱ्यात भरणं. तिथे मुरूमच हवा, थराथराने, पाणी मारून, धुम्मसने ठोकून घट्ट करून.
- शोषखड्डा काळ्या थरातच घेणं. चाचणीच्या खड्ड्यात पाणी ओता. सकाळपर्यंत तसंच राहिलं तर ती जागा सोडा. विहिरीपासून निदान १८ मीटर अंतर हवंच.

वरची फूटभर माती मात्र फेकू नका, बाजूला ढीग करून ठेवा. बागेला तीच लागेल. लिंबू, डाळिंब उंचवट्यावर लावा, पाणी साचलं की मुळं कुजतात. खताचं नंतर बोलू. खड्डे झाले की फोटो टाका, थर बघून सांगतो.