'उच्च स्थाने भ्रष्ट केली' म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलात यहूदाच्या योशीया राजाने 'उच्च स्थाने भ्रष्ट केली' असं वाचलं. ही स्तुती की आरोप?

स्तुतीच. पण आजच्या मराठीत हे वाक्य लाचलुचपतीच्या बातमीसारखं वाटतं, त्याला तुम्ही काय करणार? दोन्ही शब्दांचे अर्थ सरकले आहेत.

'उच्च स्थान' म्हणजे हिब्रू 'बामा', बळी देण्याची, पूजेची जागा; अनेकवचन 'बामोत'. लॅटिनमध्ये 'एक्सेल्सा', इंग्रजीत 'हाय प्लेसेस', त्याच वळणावर आपलं 'उच्च'. गंमत अशी की बामा उंचावरच हवी असं नाही. योशीयाची ही हकिकत सांगणाऱ्या २ राजे, अध्याय २३ मध्येच वेशीतल्या बामा येतात आणि यिर्मया संदेष्टा तर यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यातल्या बामांवर संतापतो. खोऱ्यातलं उच्च स्थान! मला विचाराल तर इथे 'ठाणं' चपखल बसतं. म्हसोबाचं ठाणं टेकडीवर असो की बांधावर, ठाणंच. शिवाय तो शब्दही 'स्थाना'तूनच आलेला.

बामा म्हणजे परक्या देवांचीच जागा, हाही गैरसमज. शमुवेल संदेष्टा बामेवरच्या बळीला आशीर्वाद द्यायला जातो, शलमोन राजा गिबोनच्या बामेवर यहोवालाच, म्हणजे इस्राएलच्या देवालाच, होमबली वाहतो. म्हणून इ.स.पू. ६२२च्या सुमाराची योशीयाची सुधारणा नुसती मूर्तिभंजनाची नाही. अशेरा देवीची मूर्ती किद्रोन ओढ्यापाशी जाळली हे खरंच, पण गेबापासून बैर-शेब्यापर्यंत, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, यहोवाची ठाणीही गेली आणि बळी देण्याची जागा एकटं यरुशलेमचं मंदिर उरली.

आता 'भ्रष्ट'. मूळ धातू 'टामे', अशुद्ध होणं. त्याचं प्रयोजक रूप 'टिम्मे'. मराठीत सरळ 'विटाळणं'. या शब्दाचा आपल्याकडचा इतिहास वाईट आहे, पण अर्थ नेमका तोच. ठाणं नुसतं पाडलं तर लोक पुन्हा रचतात. योशीयाचा पणजोबा हिज्कीया राजा, त्याने पाडलेली ठाणी त्याच्याच मुलाने, मनश्शेने, परत उभारली होती. विटाळलेल्या जागी मात्र नैवेद्य कोण नेणार? म्हणून योशीयाने बेथेलच्या वेदीवर कबरींतली हाडं जाळली. यहूदातल्या लाखीश या प्राचीन शहराच्या वेशीतल्या देवळात वेद्यांची शिंगं छाटलेली आणि शेजारी दगडी शौचासन सापडल्याचं २०१६ साली जाहीर झालं. उत्खनन करणारे ते हिज्कीयाच्या काळातलं मानतात. तपासणीत दिसलं की ते कधी वापरलंच गेलं नव्हतं. वापरायची गरजही नव्हती, नुसतं मांडलं की काम झालं.

'बाटवली' हे क्रियापदही सुचेल, पण त्यात धर्मांतराची छटा शिरते. तेव्हा माझं मत 'योशीयाने ठाणी विटाळली' या वाक्याला. 'ठाणी' वाचून कुणाला पोलीस आठवत असतील, तर आधी 'देवाची' जोडा.