जुन्या माउंटन बाइक विकू की सोबत नेऊ? (उत्तर लांबलंय)

भावा, तू विचारलंयस की पुण्याहून इथे न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला कायमचा शिफ्ट होतोय, बायको आणि आठ वर्षांची मुलगी सोबत, घरात दोन जुन्या २६ इंची माउंटन बाइक आहेत, विकू की सामानात टाकू. व्हिसा, कस्टमची सूट वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी परत टाइप करत बसत नाही. पण प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस डोक्यात तेच चाललंय, कारण सात वर्षांपूर्वी मी हेच ठरवलं होतं आणि चुकीचं ठरवलं.

आधी बाइकचं बोलू. २६ ची चाकं आता मागे पडली, इथे टेकडीवर ज्याला बघावं तो २९ वर, तेही फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप. म्हणून तुझी बाइक भंगार होत नाही, टायर-ट्यूब मिळतात, ९ स्पीडची चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्या) पण मिळते. अडतं ते फोर्कपाशी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपवाल्या चिमट्यापाशी. जुन्या फ्रेमचा हेडट्यूब, म्हणजे फोर्क ज्यात बसतो ती पुढची नळी, सरळ असतो आणि नवे चांगले फोर्क बहुतेक खाली जाड होत गेलेल्या स्टीअररचे (फोर्कची वर जाणारी दांडी), ते त्यात शिरतच नाहीत. मागचं हब (चाकाचा मधला गाभा) पण १३५ मिलिमीटरचं, आताच्या बाइकची १४८ वाली चाकं त्यात बसत नाहीत. म्हणजे फोर्क आत्ताच तेल गाळत असेल किंवा दाबल्यावर वरच येत नसेल तर ती बाइक विक. आणि फ्रेम उलटी करून हेडट्यूब आणि पेडलच्या वरच्या वेल्डपाशी नीट पुसून बघ, केसासारखी बारीक रेघ दिसली तर विकू पण नकोस, कुणाचे तरी दात जातील.

विकून मिळणार काय तसंही? माझी ट्रेक ४३००, २००८ ची, बघायला आलेला माणूस म्हणाला "गिअर लई आहेत ओ, बिघडतील" आणि चार हजारावर अडून बसला. नाही दिली. आणली. वेताळ टेकडीवर पडून घासलेला तिचा डावा हँडलबार मला अजून आवडतो.

आणायची तर एकच गोष्ट सिरियसली घे, ती म्हणजे माती. इथे वापरलेली सायकल, ट्रेकिंगचे बूट, तंबू, सगळं डिक्लेअर करावं लागतं, विमानाने येताना लपवलंस तर जागेवर ४०० डॉलर दंड. मी दोन रविवार घालवले, चेन रॉकेलमध्ये बुडवली, टायरच्या खाचा टूथब्रशने घासल्या, पेडल काढून घासली (डावं पेडल उलटं फिरतं बरं का, माझी त्यात बोटं सोलली). आणि एक जागा विसरलो. फोर्कच्या क्राउनला, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात तिथे, खालून भोक असतं, स्टीअरर आतून पोकळ, चाक काढल्याशिवाय दिसत नाही. तपासणीवाल्या बाईंनी टॉर्च मारला, आत काहीतरी लांब सळीसारखं घातलं, आणि सिंहगड रस्त्याकडच्या तांबड्या मातीचा बोटाएवढा गोळा बाहेर काढला, त्यात कुसळं पण होती. तीन पर्याय दिले, पैसे भरून स्वच्छ करून घ्या, परत पाठवा नाहीतर नष्ट करा. भरले पैसे. त्यांनी ती माती पिशवीत घालून सील केली तेव्हा मला उगाचच भरून आलं, आता हसू येतं.

त्यात पॅकिंगवाल्याने सामानाच्या यादीत सायकल "खेळणी" म्हणून लिहिलेली. तीन आठवडे ईमेलवर ईमेल. यादी स्वतः लिही, दुसऱ्याच्या अक्षरावर सोडू नकोस.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. सहा महिने, फार तर वर्ष. सायकल काढ, रापाकी ट्रॅकने पोर्ट हिल्सवर चढ, सिंहगडाइतका काही घाम निघत नाही, वरून एकीकडे लिटलटन हार्बर, एकीकडे सगळं सपाट शहर. उतर, घरी ये, बरं वाटतं. हेल्मेट मात्र इथे १९९४ पासून सायकलला सुद्धा सक्तीचं, पुणेकर असलास तरी घालावं लागेल.

हे लिहिलं आणि मलाच कसंतरी झालं. कारण बरं मला वाटत होतं. बायकोची फायरफॉक्स सायकल मी पुण्यात साडेतीन हजारात विकून टाकली, तिला विचारलं पण असं विचारलं की "तू कुठे एवढी चालवतेस, रविवार तर रविवार". ती म्हणाली बघ तुला काय ते. इथे आलो तर मला नोकरी, मला ग्रुप, मला शनिवारची टेकडी. तिच्याकडे ना गाडी ना सायकल, तास-तासाने येणारी बस आणि तो वायव्येचा गरम वारा. पोरीच्या शाळेत पण तीच चालत जायची. पहिल्याच आठवड्यात बाईंनी पोरीच्या पाच अक्षरी नावाचं दोन अक्षरी करून टाकलं, कुणाला न विचारता, आणि पुण्यात नर्सरीपासून इंग्रजीत शिकलेल्या पोरीला इंग्रजी शिकायच्या जादा तासाला बसवलं. बायको एकटी जाऊन भांडून आली. जादा तास बंद झाला, नाव राहिलं ते राहिलंच, आता पोरगी स्वतःच वहीवर तेच लिहिते. त्या दिवशी मी कुठे होतो विचारू नकोस.

तर तुझ्या दोन बाइकपैकी एकच येणार असेल तर कुठली, हे तू ठरवू नकोस. आणि "तू कुठे चालवतेस" असं तर अजिबात विचारू नकोस.

दीड वर्षाने तिने शेजारच्या आजींच्या गॅरेजमधून एक जांभळी बाइक घेतली, ती पण २६ इंचीच, ग्रिप चिकट झालेल्या. इथल्या बॉटल लेकच्या पाइनच्या जंगलात एकटी जाते, दोन-दोन तास येत नाही. मागचा ब्रेक किंचाळतो, मी म्हटलं आण करून देतो, तर म्हणाली राहू दे, मला आवाजाची सवय झालीय. हात लावू देत नाही.