खुडूक कोंबडी पिल्लांना भरवत का नाही? आपण हाताने भरवावं का?

हाताने भरवू नका. तुमच्या कोंबडीचं काहीही चुकत नाहीये.

तुम्ही लिहिलंय की परवा नऊ पिल्लं निघाली, पहिला दिवसभर कोंबडी अंड्यांवरून उठलीच नाही, आणि आता उठली तरी दाणा चोचीत धरून पुन्हा खाली टाकते, पिल्लांच्या चोचीत काही घालत नाही. पिल्लं उपाशी मरतील या भीतीने तुम्ही ड्रॉपर आणलाय. तो बाजूला ठेवा. इवल्याशा पिल्लाच्या घशात जबरदस्तीने काही सोडलं तर ते श्वासनळीत जाण्याचीच शक्यता जास्त.

आधी पहिल्या दिवसाचं सांगतो. अंड्यातून बाहेर पडायच्या थोडं आधी उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ही शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांबच्या गावाला पाठवतात, ती याच जोरावर. कोंबडीच्या दृष्टीने या शिदोरीचं मोल फार आहे. एकविसाव्या दिवशी सगळी अंडी एकाच तासाला फुटत नाहीत. पहिलं पिल्लू निघताच ती चरायला गेली तर मागची अंडी गार पडतील. म्हणून ती बसून राहते आणि निघालेली पिल्लं पंखाखाली सुकत, झोपत थांबतात. दोन दिवसांनी ती स्वतःच उठते, न फुटलेली अंडी तिथेच सोडून.

आता भरवण्याचं. चिमणी, कावळा पिल्लाच्या चोचीत घास घालतात, कारण त्यांची पिल्लं उघडीवाघडी, डोळे मिटलेली निघतात. कबुतर तर आपल्या अन्नपिशवीत तयार झालेलं दह्यासारखं दाट दूध पाजतं. कोंबडीचं पिल्लू निघतं तेच लव घेऊन, डोळे उघडे ठेवून, आणि काही तासांत पळायला लागतं. त्याला घास नको असतो, खाणं कोणतं हे कळायला हवं असतं. ते खड्याला टोच मारतं, स्वतःच्या बोटाला मारतं, भावंडाच्या डोळ्यालाही मारतं. टोचायचं कसं हे त्याला उपजत येतं, टोचायचं कशाला हे आई शिकवते.

आज सकाळी दहा मिनिटं लांब बसून तिच्याकडे नीट बघा. ती पायाने माती उकरेल, एक पाऊल मागे सरेल, दाणा उचलेल, टाकेल, पुन्हा उचलेल आणि त्याच वेळी भरभर ‘टुक टुक टुक’ करेल. चालताना ती जे संथ ‘खुड खुड’ करते त्याहून हा आवाज वेगळा. तो ऐकला की पिल्लं धावत येतात आणि तिच्या चोचीखालचंच उचलतात. आमच्या तांबडीला उकिरड्यात हुमणी सापडली तर ती गिळत नाही, आपटून-आपटून तुकडे करते आणि पिल्लांपुढे टाकते. मी चौदा वर्षं कोंबड्या पाळतोय, पण हे बघताना हातातलं काम थांबतं.

ती नुसती सवयीने टोचत नसते, पिल्लं काय खातात तेही पाहत असते. ब्रिस्टल विद्यापीठात क्रिस्टीन निकोल यांनी १९९६ साली एक प्रयोग मांडला होता. एका रंगाचं खाणं वाईट चवीचं असतं हे आधी कोंबड्यांना शिकवलं, मग पिल्लं त्याच रंगाचं खाणं खाताना त्यांना दाखवली. कोंबड्यांनी उकरणं आणि टोचणं वाढवलं. पिल्लं चुकीचं खातायत हे दिसल्यावर आईचा शिकवण्याचा जोर वाढला. तुम्ही हाताने भरवलंत तर हा धडा मधेच तुटतो.

आपलं काम खाणं पुरवायचं. आणि ते आईलाही पुरेल इतकं हवं. एकवीस दिवस ती दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटं उठलेली असते आणि चांगलीच वाळलेली असते. पहिल्या आठवड्यात तांदळाची कणी किंवा ज्वारी-मक्याचा बारीक भरडा चालतो, पण नुसत्या धान्यावर पिल्लं खुरटतात. सोबत कुस्करलेलं उकडलेलं अंडं द्या, किंवा सरळ चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, आणा. वाळवी मिळाली तर उत्तमच. रानात वाळवीच्या जागी मडक्यात ओलं शेण आणि गोणपाटाचा तुकडा घालून उपडं ठेवायचं, सकाळी वाळवी चढलेली असते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य मात्र पिल्लांपुढे ठेवू नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एखादा टक्का पुरतो, जास्तीचं मूत्रपिंडावर जातं. आई सध्या अंडी देत नाही, म्हणून तिलाही स्टार्टरच चालेल.

पाणी उथळ थाळीत, मधे खडे टाकून. पहिल्या वर्षी मी खोल भांडं ठेवलं आणि सकाळी दोन पिल्लं त्यात बुडालेली मिळाली. अजून आठवतं.

थोडं चरून झालं की ती बसते, पंख सैल सोडते आणि सगळी आत शिरतात. ती आळशीपणा करत नाही. पिल्लांना पिसं येईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही. एखादं गारठून बाजूला पडलेलं दिसलं तर आधी ऊब द्या, मग पाणी. गार पिल्लाला खाऊ घालू नका. शेपटीखाली विष्ठा सुकून बूड बंद झालं असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने हलकेच सोडवा.

शत्रूंसाठीही तिचे आवाज वेगळे आहेत. घार दिसली की एकच लांब ताणलेला आवाज, पिल्लं जिथल्या तिथे दबतात किंवा तिच्याखाली घुसतात. मांजर-मुंगूस जमिनीवरून आलं की तुटक कटकट. तरी पहिला आठवडा आई-पिल्लांना डालग्याखाली नाहीतर जाळीतच ठेवा, आणि रात्री घुशीला वाट राहणार नाही असं खुराडं बघा. घूस आली तर आईलाही फारसं काही करता येत नाही.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस डोळ्यात एक थेंब. कुपी शंभर-दोनशे पिल्लांची असते आणि एकदा कालवली की ठेवता येत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांची पिल्लं एकाच दिवशी गोळा करा. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

सहा ते आठ आठवड्यांनी हीच आई पिल्लांना टोचून हाकलायला लागेल, चोचीखालचा दाणाही देणार नाही. तेव्हा पुन्हा घाबरून मला लिहू नका. तिला पुढच्या अंड्यांची ओढ लागलेली असते. पिल्लांना तेवढे चार-आठ दिवस वेगळ्या जागी खाणं ठेवा, म्हणजे त्यांना तिचा मार बसणार नाही.